निन्जिन म्हणजे गाजर

१२ जानेवारी

आज मुंगीने गाजर खाल्लं, पण माझ्या हातून नाही.

दुपारी मी गाजराच्या गोल चकत्या उकडल्या, वर लोणी सोडलं आणि ताटली तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "मुंगे, गाजर खा." तिने दोन बोटांनी ताटली माझ्याकडे परत सरकवली. ऑफिसात नको असलेली फाइल सरकवतात ना, अगदी तशी. मग पाच वाजता टॅब वाजला. पलीकडे विहीणबाई. त्यांनी कॅमेऱ्यासमोर एक गाजर धरलं आणि म्हणाल्या, "निन्जिन." झालं! त्याच गार झालेल्या चकत्या बाईसाहेबांनी मागून घेतल्या आणि एकेक करून संपवल्या. सोलल्या मी, उकडल्या मी, आणि कौतुक गेलं समुद्रापलीकडे.

मुलगा, सून आणि नात मुंगी जपानहून येऊन दहा दिवस झाले. सुनेला सातवा लागलाय. आल्या आल्या डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं, जिन्याची पायरीसुद्धा उतरायची नाही. मुंगी साडेचार वर्षांची. आईबाप दोघेही नोकरीवर, म्हणून ती तिकडे विहीणबाईंच्याच हातात वाढली. बापाशी चुरुचुरु मराठी बोलते, पण खाण्यापिण्याचं सगळं जपानीत. पोरीला भूकच मुळी जपानीत लागते.

काल मुलाने स्पष्ट सांगितलं. बाळ झालं की ठरवायचं, कायमचं इथे राहायचं की परत जायचं. "मुंगी रुळली तर राहू, आई." म्हणजे सगळं त्या तीन फुटी बाईवर. आणि ती रोज पाचला तिकडे जाऊन बसते!

१५ जानेवारी

मी दाराआड उभी राहून ऐकते. लिहायला लाज वाटते, पण डायरीशी काय खोटं बोलायचं.

टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं काढली मी. ट्रंक कॉल जोडून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं, लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी कधी ऐकलं नाही. लोकांची लग्नं ठरली, मोडली, माणसं गेल्याचे निरोप गेले, सगळं माझ्या हाताखालून गेलं आणि मी ऐकलं नाही. आता घरच्या स्वयंपाकघरात, हातात पुसायचं फडकं घेऊन, तीच तीच ताटली पुसत उभी राहते.

त्यातलं मला एक अक्षर कळत नाही, हे आणखी वर. नुसता आवाज येतो. बाईंचा आवाज चांगला आहे, हे मान्य करते. एक्सचेंजमध्ये पहिल्या झटक्यात घेतलं असतं. बारीक, स्वच्छ, आणि प्रत्येक शब्दाचं शेपूट जरासं वर उचलतात, जणू मुंगीलाच विचारतायत की बरोबर ना गं? निन्जिन? क्यूरी? पोरगी मान डोलावते आणि आ करते.

रात्रीच्या जेवणात ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, मग तूही शीक ना. भाज्या त्या किती, दहा-बारा. मी औषधांच्या दुकानात चारशे नावं पाठ केली होती, आणि ती तर कुठल्याच भाषेतली नव्हती."

सुनेला विचारणार नाही मात्र. शिकवील ती, गोड बोलून शिकवील, आणि उद्या आईला सांगेल की सासूबाई शिकायला बसल्या. नकोच.

१८ जानेवारी

ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "जपानी? व्यापाराचं आहे, व्याकरणाचं आहे, कुठलं देऊ?" मी म्हटलं, "भाज्यांचं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि लहान मुलांच्या कपाटातून एक चित्रांचं पुस्तक काढून दिलं. आपल्या लिपीत उच्चार दिले आहेत. पुस्तकाला कुणीतरी आधीच रंगीत खडू फासलेत आणि भोपळ्याला मिशा काढल्यात.

काकडी क्यूरी. वांगं नासू. मुळा दाइकोन. बटाटा जागाइमो. कांदा तामानेगी. अंडं तामागो. लाल भोपळा कबोचा. पालक होरेन्सो. भात गोहान. पाणी मिझु.

पुस्तक गादीखाली ठेवलंय. सत्तरीला आलेली बाई गादीखाली पुस्तक लपवते! कॉलेजातही वेळ आली नव्हती.

१९ जानेवारी

फजिती. सकाळी मोठ्या रुबाबात मुंगीपुढे अंडं ठेवलं आणि म्हटलं, "तामानेगी!" मुंगी एवढी हसली की खुर्चीवरून घसरली. "आजी, तू अंड्याला कांदा म्हणालीस!" ठीक आहे, हसली तर हसली, माझ्याजवळ हसली, एवढ्यावर मी खूश होते.

पण पाचला टॅब वाजल्याबरोबर कार्टीने पहिली बातमी तीच दिली. मला एवढंच कळलं, "आजी, तामानेगी, तामागो," आणि मग दोघींचं हसणं. विहीणबाई तोंडावर हात धरून हसत होत्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. सून आतून म्हणाली, "आई, त्या चांगल्या हसत आहेत. वाईट नाही." हसण्यात चांगलं-वाईट असतं हे मला आताच कळतंय.

२० जानेवारी

तामागो अंडं. तामागो अंडं. तामागो अंडं. मरेपर्यंत विसरायची नाही.

२९ जानेवारी

आता बावीस शब्द येतात. मुंगीने परीक्षा घेतली. फ्रिज उघडून ती बोट दाखवते आणि मी बोलते. निकाल असा लागला: "शब्द बरोबर आहे. पण चुकीचा वाटतो." म्हणजे काय ते विचारलं. "ओबाआचानसारखा नाही." ओबाआचान म्हणजे आजी. मी नुसती आजी आणि त्या ओबाआचान. माझा हुद्दाच खालचा.

विहीणबाईंनीही एक नवीन टूम काढलीय. आता त्या भाजी समोर धरतात आणि गप्प बसतात. मग मुंगी ओरडते, "गाजर!" बाई म्हणतात, "गाजारु." मुंगी म्हणते, "नाही, गाजर!" पुन्हा "गाजारु", आणि मग हशा. काकडीची "काकुदी" करतात, मुळ्याची "मुरा". आमच्या शब्दांची टिंगल चाललीय आणि पोरगी त्यात सामील! शिवाय शेजारी वही असते, प्रत्येक शब्दानंतर त्यात काहीतरी टिपतात. मी ह्यांना म्हटलं, "नात इथे काय खाते, किती खाते, त्याची नोंद ठेवतायत. उद्या दाखवतील लेकीला, बघ, तुझ्या सासूकडे पोर वाळली."

हे म्हणाले, "किंवा भाजीची यादी करत असतील."

ह्यांना काही समजत नाही. माणूस भला आहे, पण समजत नाही.

५ फेब्रुवारी

बाई दिवसेंदिवस आळशी होत चालल्यात. पूर्वी खरी भाजी धरायच्या, धुऊन, पुसून, पानासकट. आता कागदावर काढलेली चित्रं दाखवतात. रंगवलेली असतात, हात चांगला आहे, पण बाजारात जायला काय होतं? आणि बसतात कुठे, तर पलंगावर, पाठीला तीन उशा. मागे तोच निळा पडदा. आमच्याकडे सून पडून असते तिला कारण आहे. बाईंना काय झालंय?

आवाजही पार बसलाय. दोन शब्द झाले की पाण्याचा घोट घेतात. शेपूट अजून उचलतात, पण खरखर येते. एक्सचेंजमध्ये एका मुलीचा असा आवाज झाला होता, तिला नंतर काउंटरवर बसवलं. थंडी असेल तिकडे. मुंगीने विचारलं वाटतं, तर बाईंनी गळ्यावर हात ठेवून बेडकाचा आवाज काढला. पोरगी खूश. हे सगळं त्यांना बरं जमतं.

९ फेब्रुवारी

आज फार लागलं मनाला.

मुंगी अंगणात पडली, गुडघा सोलवटला. मी उचलली, धुतलं, फुंकर घातली, मांडीवर घेतली. तिला शांत करायला म्हटलं, "चल, कबोचाचं सूप करू, तुला आवडतं ना?" ती रडता रडता म्हणाली, "तू नको बोलूस ते. ते ओबाआचानचं आहे."

मी मांडी तशीच ठेवली आणि ती उतरून टॅबपाशी जाऊन बसली. अजून साडेचारही झाले नव्हते. काळ्या पडद्यासमोर गुडघा धरून बसली होती, कॉल यायची वाट बघत.

मी इथे, हाडामांसाची, दोन हात लांब. आणि ती काचेची वाट बघते! जळते मी त्या बाईवर, लिहून टाकते एकदाचं. त्यांनी साडेचार वर्षं मिळवली. पहिलं पाऊल, पहिला दात, पहिला घास, सगळं त्यांचं. मला फोटो यायचे. आता चार महिने माझ्या वाट्याचे, तर त्यातलाही रोजचा सगळ्यात चांगला तास त्यांचाच. एवढी हाव बरी नव्हे कुणाला.

१० फेब्रुवारी

पावणेपाचला मुंगीला घेऊन बागेत गेले. झोपाळे आहेत, घसरगुंडी आहे. कुणाला काय वाटायचं ते वाटो, मुलाने बाहेर खेळायला नको का? निघताना टॅबचा आवाज बंद केला आणि तो ब्रेडच्या डब्यामागे ठेवला. सून झोपली होती. हे वर्तमानपत्रात होते.

साडेसहाला परत आलो. पडद्यावर तीन लाल खुणा होत्या, उचलले न गेलेले तीन कॉल. पुसून टाकल्या.

एक्सचेंजमध्ये तीस वर्षांत मी वाजलेली घंटा एकदाही सोडली नाही. पण तिथे पगार मिळायचा.

११ फेब्रुवारी

बाग. मुंगीने विचारलं, "पाच वाजले?" मी म्हटलं, "अजून नाही." घसरगुंडीवर बारा वेळा. लाल खुणा चार.

सुनेने संध्याकाळी सांगितलं, आईचा मेसेज होता, मुंगी कुठे आहे म्हणून. मी म्हटलं, "बागेत रमते हल्ली. तिथे दोन मैत्रिणी झाल्यात." सुनेने तसं कळवलं. उत्तर आलं, ते तिने वाचून दाखवलं: छान, खेळू दे तिला.

बघा. त्यांची हरकत नाही तर मला कसली टोचणी?

१३ फेब्रुवारी

सलग चौथा दिवस. आज जेवताना मुंगीने स्वतःहून गाजर उचललं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, निन्जिन म्हण." मी म्हटलं. तिने खाल्लं. परत म्हण. परत म्हटलं. सहा तुकडे.

मुलगा बघत होता. मला हळूच म्हणाला, "रुळतेय गं." मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले, कारण डोळे भरून आले होते आणि ते मुलाला दाखवायचे नव्हते.

१५ फेब्रुवारी

आज बागेतून आले तर अकरा लाल खुणा. अकरा! एका तासात! काय हट्टी बाई म्हणायची. त्याआधी सुनेलाही मेसेज होता म्हणे, आज जरा लवकर घरी आणता येईल का मुंगीला. सुनेने मला फोन केला होता, पण माझा मोबाइल पिशवीत तळाशी. खरं सांगायचं तर वाजलेला ऐकू आला होता.

अकराही पुसल्या. दोनदा भलतीकडेच बोट पडलं. साखर कमी झाली असेल, नीट खाल्लं नव्हतं.

१६ फेब्रुवारी

आज बागेत गेलो नाही, मुंगीला सर्दी. टॅब आवाज चालू करून टेबलावर ठेवला, म्हटलं आता येऊ दे, मी काही राक्षसीण नाही. पाच वाजले, सव्वापाच, सहा. वाजलाच नाही. मुंगी समोर बसून होती, मग तिथेच हातावर डोकं टेकून झोपली.

जिंकले म्हणायचं. मग स्वयंपाकघरात उगाच का येरझारा घालत होते कोण जाणे.

१८ फेब्रुवारी

आजही कॉल नाही. सुनेच्या मेसेजलाही उत्तर नाही. ती म्हणते, "आई कधी असं करत नाही." मी म्हटलं, "फोन बिघडला असेल."

१९ फेब्रुवारी

अक्षर बघा कसं आलंय.

सकाळी मुलाला तिकडून फोन आला. विहीणबाईंच्या बहिणीचा. त्यांच्या घशात गाठ होती. नोव्हेंबरपासून माहीत होतं. लेक गरोदर, त्यात इथे पडून, डॉक्टरांनी तिला कसलाही ताण नको म्हटलेलं, म्हणून कुणाला बोलू दिलं नाही. सोळा तारखेला सकाळी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. गाठीबरोबर आवाजाची पेटी काढावी लागली. आता त्यांना बोलता येणार नाही. कधीच नाही. हे आधीपासून ठरलेलं होतं, त्यांना तारीख माहीत होती.

निळा पडदा म्हणजे इस्पितळाचा पडदा. तीन उशा, पाण्याचे घोट, बेडकाचा आवाज. मी म्हणे आवाजाची पारखी!

पंधरा तारखेला त्यांच्याकडे आवाजाचा शेवटचा दिवस होता. त्यांनी अकरा वेळा फोन केला. आणि आम्ही घसरगुंडीवर होतो.

२० फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. डबा, खुणा, मोबाइल, सगळं. वाटलं, रागावतील. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "मला माहीत होतं तू टॅब लपवतेस. ब्रेड घ्यायला गेलो तेव्हा दिसला होता. म्हटलं, हिला मिळू दे नात चार दिवस. बोलायला हवं होतं मी."

मी म्हटलं, तुमच्यावर काही घेऊ नका. ते म्हणाले, "घ्यायचं का नाही ते मी बघतो. तू सुनेशी बोल."

मला भीती वाटते. तिला ताण नको म्हणतात. पण ही सबब मलाच फार सोयीची आहे, हेही कळतं.

२३ फेब्रुवारी

डॉक्टर तपासून गेले, बाळ ठीक आहे. ते गेल्यावर मी पलंगाशेजारी स्टूल घेऊन बसले आणि सांगितलं. सून छताकडे बघत होती. तिचं मराठी नेहमी पुस्तकातल्यासारखं, नीट जोडलेलं असतं. आज ते तुटत होतं.

"किती वेळा?"

"सहा दिवस मिळून सव्वीस. शेवटच्या दिवशी सहापर्यंत अकरा. पुढचे मी पाहिले नाहीत, पुसून बंद केला होता."

तिने उशाखालून फोन काढला, आईच्या बहिणीने पाठवलेला एक फोटो उघडला आणि माझ्या हातात दिला. त्या वहीचं पान होतं. डाव्या बाजूला चित्रं, मधे त्यांची अक्षरं, आणि उजवीकडे आपली. गाजर. काकडी. मुळा. कोथिंबीर लिहिताना चार वेळा खोडलेली. पहिलीतल्या मुलीने लिहावीत तशी वाकडी, पण एकेक काना मात्रा जागच्या जागी.

"आई बाळाच्या वेळी येणार होती," सून म्हणाली. "तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्याबरोबर काम करायचं होतं तिला. म्हणून मुंगीकडून शिकत होती. ती मला म्हणाली होती, मुंगीच्या आजीशी मी काय बोलू? भाज्यांपासून सुरू करते."

मला बावीस भाज्या येत होत्या. क्षमा मागायचा शब्द शिकले नव्हते, कारण तो कधी लागेल असं वाटलंच नव्हतं.

"तुम्ही मला विचारलं असतं तर मी शिकवलं असतं," ती म्हणाली. "सगळे शब्द." आणि भिंतीकडे तोंड केलं.

२७ फेब्रुवारी

चार दिवस झाले, सून माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी हवंय, खिडकी लावा. मुलगा तेवढंही नाही. बरोबर आहे त्यांचं.

मुंगीला सांगितलंय की ओबाआचानचा घसा दुखतोय. तिने मला विचारलं, "फोनमध्ये तिचा आवाज आहे का?" सुनेने सगळं शोधलं. लग्नातली एक फीत निघाली, तीत बाई लांबून हसतात, वर गाण्याचा गोंगाट. बाकी काही नाही. रोजच तर बोलत होत्या, रेकॉर्ड कोण कशाला करील?

८ मार्च

मुलाने ठरलेलं सांगितलं. बाळ तीन महिन्यांचं झालं की ते परत जाणार. तिकडे आईला कुणी हवं. सून म्हणाली नाही की तुमच्यामुळे, आणि मीही विचारलं नाही. मुंगी रुळली असती तरी हेच झालं असतं, नसती तरी हेच. मी मान डोलावली. आत गेले, पीठ मळायला घेतलं आणि ते फार घट्ट मळलं गेलं.

मन किती नीच असतं ते लिहून ठेवते. पहिला विचार हाच आला: म्हणजे पोरगी पुन्हा त्यांनाच मिळणार. आवाज जाऊनसुद्धा!

१३ मार्च

आज पाचला टॅब वाजला.

सुनेला आधी माहीत होतं, तिने मुंगीला केस विंचरून बसवलं होतं. मी नेहमीच्या जागी, दाराआड, हातात ताटली. विहीणबाई घरच्या खुर्चीत बसलेल्या दिसल्या. फार वाळल्यात. गळ्याला पांढरा रुमाल. त्यांनी हात हलवला, मुंगीने हलवला. त्यांनी गाजराचं चित्र समोर धरलं.

मुंगी थांबली. नेहमी त्या आधी बोलायच्या ना. ती वाट बघत राहिली. मग म्हणाली, "बोल ना!" बाईंनी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली. चित्र आणखी जवळ आणलं. मुंगीचा ओठ पुढे आला. "बोल ना, ओबाआचान!" आता रडणार, हे मागूनही दिसत होतं.

तेव्हा बाईंनी मान वर केली आणि मुंगीच्या डोक्यावरून थेट दाराकडे पाहिलं. माझ्याकडे. मी तिथे असते हे त्यांना माहीत होतं, आणि ते आजचं नव्हतं. त्यांनी ते चित्र थोडं वर उचललं आणि माझ्यासमोर धरलं.

मी आत गेले. ताटली कुठे ठेवली आठवत नाही. मुंगीच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, "निन्जिन?"

माझा आवाज जाडा आहे. पण महिनाभर दाराआड उभं राहून मी दुसरं काही केलं नव्हतं. शब्दाचं शेपूट कसं उचलायचं, मधे किती थांबायचं, कुठे हसू ठेवायचं, सगळं कानात बसलंय. ज्या जळक्या कानांनी ते चोरलं, त्याच कानांतून काढलं.

मुंगीचा पुढे आलेला ओठ आत गेला. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, "गाजर."

बाईंनी पुढचं चित्र धरलं. क्यूरी? काकडी. नासू? वांगं. असे बारा झाले. चष्म्याआड त्यांचे डोळे भरले होते आणि माझं म्हणाल तर मला अक्षरं दिसत नव्हती, नुसते रंग. शेवटी त्यांनी वही घेतली, काहीतरी लिहिलं आणि कॅमेऱ्याला लावलं. आपल्या अक्षरांत, वाकडं: आजी. खाली एक बाण, माझ्या दिशेने.

सून दारात येऊन उभी होती, पोटावर हात धरून. उठायची मनाई असताना आली होती. ती आईशी जपानीत काही बोलली आणि मग मला म्हणाली, "मी तिला विचारलं, सांगू का, सहा दिवस काय झालं ते. ती म्हणाली नको. म्हणजे लिहून म्हणाली." मी म्हटलं, "सांग. मला सांगायला हवं. शब्द तू दे." ती जवळ आली, माझ्या कानात क्षमेचा तो शब्द सांगितला, आणि मी तो पडद्याकडे बघून म्हटला. फार चुकला असणार. गोमेन नासाई. पहिल्यांदाच म्हणत होते.

विहीणबाईंनी वहीचं पान उलटलं आणि पुन्हा पहिलं चित्र वर धरलं. त्याला क्षमा म्हणतात की पुढचं काम, मला ठाऊक नाही.

मुंगीला त्यातलं काही देणंघेणं नव्हतं. ती टेबलावर कोपरं टेकून पडद्यात डोळे लावून बसली होती, एवढ्या मायेने की माझं ते जुनं जळणं पुन्हा उठलं. आवाज माझा होता आणि ती बघत होती त्यांच्याकडे. जुलैमध्ये मी त्या काचेत असेन आणि तिथेही ती त्यांच्याच मांडीवर बसून ऐकेल.

"आजी," ती मागे न वळताच म्हणाली, "परत म्हण. ओबाआचानसारखं."

मी परत म्हटलं.